गादी आणि गर्दी

फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांत संपतो. त्याच्यावरची चर्चा मात्र पन्नास वर्षे संपत नाही. ही चर्चा जरा कान देऊन ऐकली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. मुरलेला चाहता काळ मोजतो तो सालांनी नव्हे, तर मॅनेजरांच्या नावांनी. आपल्याकडची म्हातारी माणसे ‘प्लेगच्या साली’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’ असे म्हणत घरातल्यांची वये सांगतात ना, तसेच हे. क्लबाचा हिरवळीचा काळ कोणता, दुष्काळ कोणता, पूर कोणता, हे सारे गादीवर बसलेल्या एका माणसाच्या नावाने लक्षात ठेवले जाते.

आठवण काढण्याची ही रीत गोड आहे. पण ती तितकीच फसवी आहे. या रीतीने एका थोर क्लबाचे जेवढे भले केले, तेवढेच नुकसानही केले, असे माझे स्पष्ट मत आहे. तो क्लब म्हणजे मँचेस्टर युनायटेड. ज्यांनी ओल्ड ट्रॅफर्ड कधी पाहिले नाही असे त्याचे निस्सीम भक्त आपल्या वर्गावर्गांत आहेत, आणि त्याच्या नावाने नाक मुरडणारेही तितकेच आहेत. दोघांनीही रागावू नये. प्रश्न एका क्लबाचा नाही; एखादा थोर माणूस गेल्यावर त्याची आठवण कशी ठेवावी, असा तो आहे.

प्रथम ‘मॅनेजर’ या शब्दाविषयी. इंग्लिश फुटबॉलमधला मॅनेजर म्हणजे हिशेबाच्या वह्या सांभाळणारा व्यवस्थापक नव्हे. जुन्या नाटक मंडळीतला तालीममास्तर डोळ्यांपुढे आणावा. भूमिका कोणाला द्यायची, नवे पोर कोठून उचलायचे, जुन्या नटाला केव्हा विश्रांती द्यायची, हे तोच ठरवी. मंडळीचा मालक मात्र निराळा असे. मॅनेजरचेही तसेच आहे. संघ तो निवडतो, डावपेच तो आखतो, खेळाडू आणावा की विकावा यावर त्याचा शब्द चालतो. पण त्याला नेमणारे आणि काढणारे हात दुसऱ्यांचे असतात. आणि दर शनिवारी पाऊस अंगावर घेत उभी राहणारी जी गर्दी असते, तिला नेमताना कोणी विचारीत नाही आणि काढतानाही विचारीत नाही. कोल्हापूरच्या पेठेत तालमीच्या नावाने खेळणारा संघ पेठेचा असतो, आणि शाहू स्टेडियमवर हरला तर त्याचा जाब पेठ विचारू शकते. इंग्लंडमध्ये तसे नाही. तेथे गादी मालकांची आणि गर्दी चाहत्यांची. गर्दीच्या हक्काचे असे एकच धन आहे, ते म्हणजे आठवण. म्हणूनच ती आठवण खरी असावी, असा माझा आग्रह आहे.

आता इतिहास थोडक्यात पाहू. १८७८ साली रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कारखान्यातील कामगारांनी न्यूटन हीथ या नावाने हा क्लब काढला. १९०२ मध्ये त्याचे आजचे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, ओल्ड ट्रॅफर्डवर बॉम्ब पडले आणि पुढे १९४९ पर्यंत या संघाला आपल्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मैदानावर खेळावे लागले. अशा पडक्या घरात १९४५ साली मॅट बसबी आले. स्कॉटलंडमधील खाणकामगारांच्या वस्तीत वाढलेला हा माणूस स्वतः सिटीकडून आणि लिव्हरपूलकडून खेळलेला होता. तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा कोवळी पोरे हाताशी धरून घडवावीत, हे त्यांचे सूत्र. त्यातून जो संघ उभा राहिला, त्याला लोक कौतुकाने ‘बसबींची पोरे’ म्हणू लागले. १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी लीग जिंकली.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमानतळावर बर्फाने माखलेल्या धावपट्टीवरून उडताना त्यांचे विमान कोसळले. तेवीस माणसे गेली. त्यांत आठ खेळाडू होते. सगळ्यांत गुणी मानला जाणारा डंकन एडवर्ड्‌स पंधरा दिवस मृत्यूशी झुंजून गेला, तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. खुद्द बसबी मरणाच्या दारातून परत आले. त्यानंतर दहा वर्षांनी, २९ मे १९६८ रोजी, वेम्ब्लीवर बेन्फिकाला ४–१ असे हरवून युनायटेडने युरोपियन कप जिंकला. त्या रात्री मैदानावर म्युनिकमधून वाचलेले बॉबी चार्ल्टन आणि बिल फोक्स होते. अशी कहाणी ज्या क्लबाच्या वाट्याला आली, त्याच्या चाहत्यांनी बसबींना देव मानले तर नवल नाही.

पण देव्हारा मांडला की पुढच्या माणसाची पंचाईत होते. १९६९ मध्ये बसबी पायउतार झाले, आणि त्यांच्या जागी एकतीस वर्षांचे विल्फ मॅकगिनेस आले. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर हसतखेळत वावरायचे, त्या चार्ल्टन, लॉ, बेस्ट यांना आजपासून हुकूम द्यायचे! त्यातून बसबी क्लबातच, वरच्या जागेवर बसलेले. वडाखाली दुसरे झाड वाढत नाही, हे आपल्याकडे शेतकऱ्याचे पोरही सांगेल. दीड वर्षात मॅकगिनेस गेले आणि हंगाम संपेपर्यंत पुन्हा बसबीच आले. मग फ्रँक ओ’फॅरल, तेही दीड वर्ष. मग टॉमी डॉकर्टी. त्यांच्या कारकिर्दीत, १९७४ साली, युनायटेडची घसरण होऊन संघ दुसऱ्या श्रेणीत गेला. वर्षभरात ती श्रेणी जिंकून परत आला. १९७७ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफ. ए. कपही त्यांनी आणला. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, खासगी जीवनातील एका प्रकरणावरून, डॉकर्टींना जावे लागले. डेव्ह सेक्स्टन आले. त्यांनी १९८० मध्ये संघाला दुसऱ्या क्रमांकावर नेले. १९८१ मध्ये शेवटचे सातही लीग सामने जिंकून दाखवले आणि तरी त्यांना काढले, कारण खेळ रूक्ष होता! मग रॉन अ‍ॅटकिन्सन आले. १९८३ आणि १९८५ असे दोन एफ. ए. कप त्यांनी जिंकले. १९८५-८६ चे पहिले दहा लीग सामने ओळीने जिंकले. आणि हंगामाअखेर चौथे आले. सतरा वर्षांत पाच मॅनेजर झाले, पण लीग एकदाही हाती लागली नाही.

नोव्हेंबर १९८६ मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आले. त्यांचे पहिले चार हंगाम ११ वा, २ रा, ११ वा, १३ वा अशा क्रमांकांचे आहेत. सप्टेंबर १९८९ मध्ये सिटीने ५–१ असे लोळवले. त्याच डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर एक फलक झळकला. तीन वर्षे सबबी ऐकून घेतल्या, आता रामराम घ्या, अशा आशयाचा. पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. १९९० चा एफ. ए. कप, १९९३ मध्ये सव्वीस वर्षांनी लीग, १९९९ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर बायर्न म्युनिकविरुद्ध अखेरच्या क्षणांतले दोन गोल आणि एकाच हंगामात तिन्ही मोठे चषक. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा लीगची तेरा विजेतेपदे आणि एकूण अडतीस चषक त्यांच्या नावावर होते.

आणि मग जुन्या नाटकाचा नवा प्रयोग सुरू झाला. डेव्हिड मॉइज सहा वर्षांच्या करारावर आले आणि दहा महिन्यांत गेले. लुई व्हॅन गाल यांनी २०१६ मध्ये एफ. ए. कप जिंकला आणि दोन दिवसांनी त्यांना नारळ मिळाला. होजे मोरिन्यो यांनी २०१७ मध्ये दोन चषक आणले, पुढच्या वर्षी दुसरा क्रमांक मिळवला आणि डिसेंबर २०१८ मध्ये ते गेले. १९९९ च्या त्या रात्रीचा विजयी गोल करणारे ओले गुन्नार सोल्शायर आले, नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. एरिक टेन हाग यांनी दोन वर्षांत दोन चषक दिले, ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. त्यांच्यानंतर रुबेन अमोरीम आले. २०२४-२५ चा हंगाम संपला तेव्हा संघ पंधराव्या क्रमांकावर होता. मधल्या काळात चार दिवसांचे पाहुणे येऊन गेले ते वेगळेच.

आता चाहते या साऱ्याची आठवण कशी काढतात ते पाहा. मला या आठवणींत तीन खोडी दिसतात.

पहिली खोड अशी की, अनेकांचे काम आठवण एकाच्या नावावर लावते. म्युनिकनंतर बसबी रुग्णालयात असताना क्लब कोणी चालवला? जिमी मर्फी यांनी. ते त्या वेळी वेल्स देशाच्या संघाचेही प्रशिक्षक होते आणि वेल्सच्या सामन्यासाठी मागे राहिले होते, म्हणून त्या विमानात नव्हते. उरलेसुरले खेळाडू, राखीव पोरे आणि घाईघाईने मिळवलेले दोन-चार जण यांना घेऊन त्यांनी त्या वर्षी संघ एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. बसबींचा पुतळा ओल्ड ट्रॅफर्डवर १९९६ मध्ये उभा राहिला, फर्ग्युसन यांचा तर २०१२ मध्ये, ते पदावर असतानाच. मर्फींचा पुतळा उभा राहायला २०२३ साल उजाडावे लागले. आणि वॉल्टर क्रिकमर? हे नाव आपल्यापैकी किती भक्तांनी ऐकले आहे? १९२६ पासून ते क्लबाचे सचिव होते. मॅनेजर नसे तेव्हा त्यांनी दोनदा संघही सांभाळला. त्यातली दुसरी खेप तर १९३७ पासून युद्ध संपेपर्यंतची. तरुण खेळाडू घरातच घडवायचे हे धोरण त्यांच्या आणि जेम्स गिब्सन या अध्यक्षांच्या काळात, बसबी येण्याच्या आधीच, रुजले. क्रिकमर म्युनिकच्या त्या विमानात गेले. ‘बसबींची पोरे’ हा शब्दप्रयोग उच्चारताना त्या पोरांसाठी आधी अंगण सारवून ठेवणाऱ्या या माणसाचे नाव कोणाच्या ओठांवर येत नाही.

दुसरी खोड अशी की, आठवणीला कारणे नको असतात, गोष्ट हवी असते. एप्रिल १९७४ मध्ये डेनिस लॉ सिटीकडून खेळत होता. ज्या युनायटेडसाठी त्याने अकरा वर्षे रक्त आटवले, त्याच युनायटेडविरुद्ध टाचेने मागच्या मागे ढकललेला त्याचा चेंडू गोलात गेला. त्याने आनंद केला नाही; खाली मान घालून तो मैदान सोडून गेला. लॉने आपलाच जुना संघ खालच्या श्रेणीत ढकलला, ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी की, त्या दिवशीचे इतर निकाल पाहता तो गोल झाला नसता तरी युनायटेडची घसरण टळत नव्हती. संघ बुडाला तो वर्षानुवर्षांच्या ढिसाळपणामुळे. म्हातारे झालेले वीर वेळेवर बदलले नाहीत, नव्यांची नीट पारख झाली नाही. पण ढिसाळपणाचा पुतळा उभारता येत नाही आणि त्याची गोष्टही रंगत नाही. टाचेची रंगते!

फर्ग्युसनच्या बाबतीतही तेच. जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्स या तरुणाने गोल केला, सामना १–० ने जिंकला, आणि त्या एका गोलाने फर्ग्युसनची नोकरी वाचली, असे सांगतात. त्या वेळच्या संचालकांनी मात्र पुढे सांगितले की, त्यांना काढायचा विचारच नव्हता. हे गोष्टीत बसत नाही, म्हणून चाहते ते ऐकून सोडून देतात.

तिसरी खोड सर्वांत महागात पडलेली. आठवण अपवादाचा नियम करून टाकते. २०१३ नंतर आलेल्या प्रत्येक मॅनेजरच्या वकिलांनी एकच युक्तिवाद केला. “धीर धरा! फर्ग्युसनलाही चार वर्षे दिली होती.” आणि विरोधकांनी त्याचा उलटा धडा घेतला. “हा काही फर्ग्युसन नव्हे, घालवा!” दोघेही आठवणीच्या एकाच खुंटीला बांधलेले. पी हळद आणि हो गोरी हे जसे खुळे, तसेच नुसतीच हळद पीत वर्षानुवर्षे बसून राहणे हेही खुळेच. धीर हा स्वतः गुण नाही. धीर कशासाठी धरायचा, हे पाहावे लागते.

फर्ग्युसन त्या निष्फळ दिसणाऱ्या वर्षांत काय करीत होते? निकाल वाईट होते, पण काम डोळ्यांना दिसत होते. संघात बोकाळलेल्या मद्यपानाला त्यांनी लगाम घातला. लोकांचे लाडके असूनही नॉर्मन व्हाइटसाइड आणि पॉल मॅकग्रा यांना १९८९ मध्ये जाऊ दिले. पोरे हेरणाऱ्या माणसांचे जाळे वाढवले. शेजारच्या सिटीच्या आवारात खेळणाऱ्या रायन गिग्जच्या दारात, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाला, ते स्वतः जाऊन उभे राहिले. १९९२ मध्ये तरुणांचा एफ. ए. यूथ कप जिंकणाऱ्या संघात गिग्ज, बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल ही नावे दिसतात. म्हणजे धीर आंधळा नव्हता. पायाचे दगड मोजून धरलेला तो धीर होता. पुढच्या मॅनेजरांना लावायची कसोटी तीच होती. कळस किती उंच झाला हे पहिल्या दोन वर्षांत विचारू नये. पण पाया खणला जात आहे की नाही, हे पहिल्या दिवसापासून विचारावे.

याउलट उदाहरण शेजारीच, पस्तीस मैलांवर आहे. युनायटेडच्या भक्तांना ते रुचणार नाही, पण सांगितलेच पाहिजे. १९५९ साली बिल शँक्ली लिव्हरपूलला आले तेव्हा तो संघ दुसऱ्या श्रेणीत होता. बसबींइतकेच तेही पुढे देवपदाला पोहोचले. १९७४ मध्ये ते अचानक निवृत्त झाले, तेव्हा गादीवर बॉब पेस्ली बसले. १९३९ पासून त्याच क्लबात खेळाडू, मालिश करणारा, प्रशिक्षक अशा पायऱ्या चढलेले, मितभाषी. बूट ठेवायच्या एका लहानशा खोलीत ही प्रशिक्षक मंडळी जमत आणि कोण खेळला, कोण दमला, कोणाचे काय चुकले याचा रोज खल करीत. हे आपल्या गायनातल्या घराण्यासारखे होते. गुरू गेला तरी तालीम चालू राहते, कारण गायकी एका गळ्यात नसून घरात असते. पेस्लींनी नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले. त्यांच्यानंतर त्याच खोलीतले जो फॅगन आले आणि पहिल्याच वर्षी तीन चषक घेऊन गेले. पुढे ते घराणे मोडले. १९९० नंतर लीग जिंकायला लिव्हरपूलला २०२० पर्यंत थांबावे लागले. घराणे मोडल्याची किंमत तीस वर्षे!

आणि अगदी अलीकडचे पाहा. २०२४ मध्ये युर्गेन क्लॉप लिव्हरपूल सोडून गेले. निरोपाच्या दिवशी स्वतःच्या नावाचा गजर चालू असताना त्यांनी गर्दीकडून येणाऱ्या माणसाच्या, आर्ने स्लॉट यांच्या नावाचा गजर करून घेतला, आणि स्लॉटनी पहिल्याच हंगामात लीग जिंकली. फर्ग्युसन यांनीही निरोपाच्या भाषणात नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहा असे गर्दीला बजावले होते. मग फरक कशाचा? फरक भाषणाचा नव्हता, घराचा होता. २०१३ चा विजेता संघ अकरा गुणांनी पुढे होता हे खरे, पण त्याचे मोहरे उतारवयाला लागले होते. क्लबाचा कारभार पाहणारे डेव्हिड गिल त्याच उन्हाळ्यात गेले, आणि फर्ग्युसनच्या हाताखालचे अनुभवी प्रशिक्षकही मॉइजबरोबर राहिले नाहीत. राजा, प्रधान आणि सरदार एकाच दिवशी उठून गेले, आणि नव्या माणसाला सांगितले की बैस गादीवर! त्याच्या अपयशाचा सारा दोष त्याच्या एकट्याच्या कपाळी मारणे हा न्याय नव्हे.

गादीवर कोण बसला याचीच चर्चा करताना गादी कोणाची, हे विसरले जाते. २००५ मध्ये अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना हा क्लब घेतला. त्यातले बरेच पैसे कर्जाऊ होते आणि त्या कर्जाचा मोठा बोजा खुद्द क्लबाच्याच अंगावर पडला. म्हणजे ज्याचे घर विकत घेतले, त्याच्याच कमाईतून हप्ते फेडायचे! फर्ग्युसन होते तोवर चषक येत राहिले आणि हे दुखणे झाकले गेले. झाकणारा माणूस गेला आणि दुखणे दिसू लागले. पण शिव्या खाल्ल्या त्या एकामागून एक आलेल्या मॅनेजरांनी. मालकाच्या दृष्टीने बदलता मॅनेजर ही किती सोयीची वस्तू आहे! गर्दीचा राग चढला की एक माणूस पुढे करायचा, आणि तो राग त्याच्याबरोबर वाहून जाऊ द्यायचा.

पण गर्दी अगदीच भोळी नाही, हेही सांगितले पाहिजे. आठवण येथेच आपले खरे काम करते. २००५ मध्ये काही चाहत्यांनी नव्या मालकीला विटून, प्रत्येक सभासदाला एक मत या तत्त्वावर, ‘एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा स्वतःचा क्लबच काढला. २०१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर हजारो गळपट्टे लाल दिसेनात. ते हिरवे-सोनेरी दिसू लागले. ते रंग न्यूटन हीथचे, रेल्वेच्या त्या कामगारांचे! सव्वाशे वर्षांपूर्वीची आठवण त्यांनी मालकाच्या तोंडावर फडकवली. एप्रिल २०२१ मध्ये श्रीमंत क्लबांनी आपापली बंदिस्त युरोपीय लीग काढायचा घाट घातला, तेव्हा इंग्लंडभरच्या चाहत्यांनी तो दोन-तीन दिवसांत मोडून काढला. आणि २ मे रोजी युनायटेडच्या गर्दीने मैदानात शिरून लिव्हरपूलविरुद्धचा सामना होऊ दिला नाही. मैदानात घुसण्याची रीत मला मान्य नाही; पण त्या दिवशी गर्दीने गादीवरच्या माणसाकडे बोट न दाखवता गादीच्या मालकाकडे दाखवले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

या क्लबाविषयीची एक हकीकत मला सर्व चषकांहून मोठी वाटते. ऑक्टोबर १९३७ पासून युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या चमूत घरच्या तालमीत घडलेला निदान एक तरी खेळाडू राहिला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये या परंपरेने चार हजारावा सामना गाठला. महायुद्ध झाले, म्युनिक झाले, घसरण झाली, मालक बदलले, बसबी आले-गेले, फर्ग्युसन आले-गेले. ही माळ तुटली नाही. हिचा कर्ता कोण? कोणीच एक नाही. म्हणूनच ती टिकली.

दुसऱ्या श्रेणीतल्या १९७४-७५ या वर्षी युनायटेडच्या घरच्या सामन्यांना देशात सर्वाधिक गर्दी होती. जुने चाहते त्या वर्षाची आठवण चषकांच्या वर्षांइतक्याच प्रेमाने काढतात. यावरून मी असे समजतो की, गर्दीला खोलवर कोठेतरी ठाऊक असते. क्लब म्हणजे गादीवरचा माणूस नव्हे, चषकही नव्हेत. आपण सगळे मिळून जे वर्षानुवर्षे राखतो ते. फक्त गप्पा मारायला बसले की तिला याचा विसर पडतो.

मित्रहो, हे सारे इंग्लंडातले आहे, पण त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. एखादी शिक्षणसंस्था, एखादे वाचनालय, एखादे नाट्यमंडळ एका थोर माणसाने उभे केले, तो गेला, आणि मग येणाऱ्या प्रत्येकाला ‘त्यांची सर नाही’ एवढे ऐकवून आपण मोकळे झालो, असे आपल्या गावागावांत घडत नाही काय? थोरांचे स्मरण जरूर करावे. पण ते करताना तीन प्रश्न विचारावेत. त्यांच्या पाठीमागे कोण राबत होते? ते गेल्यावर चालत राहील असे त्यांनी काय मागे ठेवले? आणि आज जो अपयशी ठरला आहे, त्याच्या हाती आपण काय सोपवले होते? हे तीन प्रश्न विचारणारी आठवण क्लबाला किंवा संस्थेला उद्याची वाट दाखवू शकेल. न विचारणारी आठवण पुतळ्याला हार घालील, आणि नव्या माणसाला घालवायची तयारी करू लागेल.